पाच जूनची रोपं राहू द्या, आधी टाकी बघा

तू विचारलंस की वसतिगृहातली तुम्ही सात-आठ जणं मिळून कॅम्पस हिरवा करायला निघालात, पाच जूनला, पर्यावरण दिनाला, पाचशे रोपं लावायचं ठरतंय, तर सुरुवात बरोबर आहे का. मला विचारशील तर नाही.

पाच जूनला आपल्या मराठवाड्यातली जमीन तव्यासारखी असते. एखादी वळवाची सर येते, सगळे खूश होतात, आणि मग पंधरा-वीस दिवस ढगही दिसत नाही. मी रासेयोत, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होतो तेव्हा आम्ही हाच उद्योग केलेला. दोनशे रोपं, पाहुणे, बॅनर. पाहुण्यांना वाकायला नको म्हणून खड्डे आदल्या दिवशीच अर्धे बुजवून ठेवलेले! पुढच्या जूनला मोजली तर एकोणीस उरली होती. त्यातली बहुतेक मेसच्या मोरीच्या कडेला. म्हणजे ती आम्ही जगवलीच नव्हती, भांडी धुतलेल्या पाण्यानं जगवली होती.

कारण साधं आहे. रोपाला पाण्याची खरी गरज मार्च ते मे. नेमके तेव्हा तुमचे पेपर असतात, आणि पेपर संपले की सगळे गावाकडं. म्हणून कुठलंही काम हातात घेताना एकच विचारा: मे महिन्यात हे कोण बघणार? नाव सांगता आलं नाही तर ते काम सोडा.

पाण्याचं काम या कसोटीला उतरतं. एकदा दुरुस्त केलेली तोटी तुम्ही गावाला गेलात तरी गळत नाही.

आमच्या वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर गच्चीपासून खालपर्यंत शेवाळाचा पट्टा होता. बाहेर टँकर चालू, झाडं करपलेली, आणि त्या उन्हाळ्यात अख्ख्या कॅम्पसमध्ये हिरवं असं तेवढंच! बरेच दिवस आम्ही रोज बघत होतो, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही की हे टाकी भरून वाहिल्याचं पाणी आहे. पंपावरचे मामा पहाटे लाईट आली की मोटर सुरू करायचे आणि दुसऱ्या वसतिगृहाची मोटर बघायला जायचे. एक माणूस, चार मोटरी. त्यांचा काय दोष? आम्ही आठवडाभर पहाटे उठून पाणी वाहायला किती वाजता लागतं आणि मोटर किती वाजता बंद होते, एवढंच वहीत लिहिलं. रोजचा सरासरी पाऊण तास निघाला. तो कागद घेऊन गेलो तेव्हा टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसलं. त्याआधी 'पाणी वाचवा'चे तीन अर्ज दिले होते, ते कुठल्या फायलीत गेले देव जाणे.

म्हणून आधी मोजा. गळक्या तोटीखाली लिटरची बाटली धरा. पाच मिनिटांत भरली तर ती तोटी दिवसाला २८८ लिटर घालवते, आणि वायसर येतो किती रुपयांना! पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडून बघा. आमच्या मशीनमधून एक बादली पिण्याच्या पाण्यामागं जवळजवळ तीन बादल्या पाणी बाहेर जात होतं. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा. रोपांना मात्र रोज घालू नका, आपलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात ते क्षार आणखी वाढलेले असतात.

दुसरं काम गच्चीचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला आणि वीस टक्के वाया सोडला, तरी हजार चौरस मीटर गच्चीवरून साडेपाच लाख लिटर मिळतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात साधारण पाच लाख लिटर होतं. ती रेल्वे बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती. तेवढंच पाणी आपल्या डोक्यावरच्या पन्हळातून दरसाल रस्त्यावर जातं, ते बघायला कुणी येत नाही.

फक्त घाई करून ते बोअरमध्ये सोडू नका. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढायचं, मग खडी-वाळूच्या गाळणीतून न्यायचं. जमिनीवरून वाहणारं काळ्या मातीचं गढूळ पाणी बोअरमध्ये गेलं तर बोअर गाळानं कायमचा बुजू शकतो. शिवाय आपला खडक बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, पाणी मुरतं ते फक्त भेगांतून. एक बोअर गटागटा पाणी पितो, दहा पावलांवरचा थेंब घेत नाही. आधी एक टँकर ओतून पाणी किती वेळात उतरतं ते बघा, मगच पाइपांचा खर्च मागा.

विजेत जुने पंखे आधी धरा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. शंभर पंखे रोज बारा तास फिरले तर पन्नासेक युनिट रोज वाचतात. हे गणित हिशेब विभागाला लगेच कळतं. प्लास्टिकबंदीचे फलक वगैरे सोडून दे, कँटीनवाल्याला स्टीलचे ग्लास आणि ते धुवायला माणूस मिळाला तर कागदी कप आपोआप जातात.

मनुष्यबळाची चिंता करू नकोस. पदवीला पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प असतोच, आणि बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. सरांना म्हणा, यंदा विषय 'आपल्या वसतिगृहाचं पाणी' द्या. मोजमाप करणारी पोरं दरवर्षी नवी मिळतील आणि तुम्ही पास होऊन गेलात तरी वही चालू राहील.

झाडं लावायचीच असतील तर पाचशे नको, चाळीस लावा. खड्डे मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या. जुलैमध्ये दोन चांगले पाऊस झाले की कडुनिंब, करंज, वड, आपटा असलं इथलंच काहीतरी लावा. आळं करून वर पाचटाचं जाड आच्छादन घाला. मेसचं भांडी धुतलेलं पाणी जिथवर उताराने पोचतं, तिथंच लावा. हे आम्हाला त्या एकोणीस झाडांनी शिकवलं. आणि पंपावरच्या मामांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, कोणत्या पाइपात काय वाहतं हे कुलसचिवांना नाही, त्यांना माहीत असतं.

उद्या पहाटे गच्चीवर जा. आठवडाभराचे आकडे आले की मला पाठव, एका पानाचा अर्ज कसा मांडायचा ते बघू.