परिषदेत ‘पेपर वाचला’, मग छापलेला पेपर कुठे आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: हर्नियाच्या एका नव्या पद्धतीवर चार वर्षांपूर्वी सर्जरीच्या परिषदेत सादर झालेलं ॲबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा छोटा सारांश) तुम्हाला सापडलं, पूर्ण लेख मात्र कुठेच मिळत नाही. मग ते संशोधन चुकीचं निघालं का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. परिषदेतलं बहुतेक काम छापून येतच नाही. रॉबर्टा शेरर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेसाठी याचा मोठा आढावा घेतला. त्यात वैद्यकाच्या वेगवेगळ्या शाखांतली तीन लाखांहून जास्त ॲबस्ट्रॅक्ट्स होती आणि त्यांतली ३७.३ टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून आली. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून केलेल्या चाचण्या मात्र साधारण ६० टक्के छापल्या गेल्या. सर्जरीतलंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या अकॅडमीचं १९९६चं अधिवेशन घ्या. तिथल्या ४६५ ॲबस्ट्रॅक्ट्सपैकी १५९ छापली गेली, म्हणजे ३४ टक्के. छापून यायला सरासरी दीड वर्ष लागलं. तुमच्या ॲबस्ट्रॅक्टला चार वर्षं झाली आहेत, तेव्हा मी फार आशा धरणार नाही.

गंमत म्हणजे आपण ‘परिषदेत पेपर वाचला’ असं म्हणतो, पण बऱ्याचदा तेव्हा पेपर अस्तित्वातच नसतो. असतात त्या स्लाईड्स, आणि त्याही आदल्या रात्री केलेल्या.

मी स्वतः याच पंथातला. रेसिडेंट असताना मेश (हर्नियाच्या जागी बसवतात ती जाळी) बसवलेल्या ६२ रुग्णांमधल्या जखमेच्या संसर्गावर पेपर वाचला होता. ॲबस्ट्रॅक्ट पाठवायची मुदत परिषदेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे हाताशी होते तेवढे आकडे पाठवले. निवड झाली, बोललो, टाळ्या मिळाल्या. नंतर लेख लिहायला बसलो तेव्हा कळलं की चार रुग्ण दोन वेगवेगळ्या नोंदणी क्रमांकांनी दोनदा मोजले गेले होते. शिवाय नऊ जण तपासणीला परत आलेच नव्हते आणि मी त्यांना ‘संसर्ग नाही’च्या रकान्यात टाकलं होतं. सगळ्या केस-फाईल्स पुन्हा काढायला हव्या होत्या. तोवर माझी परीक्षा आली, गाईडची बदली झाली आणि ते काम पेनड्राईव्हमध्येच राहिलं. कोणत्याही जर्नलनं ते नाकारलं नाही, कारण मी ते पाठवलंच नाही.

हीच गोष्ट जगभर घडते. ‘का छापलं नाही?’ असं लेखकांना विचारलेल्या सर्वेक्षणांचा आढावा २०१५ साली आला. त्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं कारण होतं, वेळ मिळाला नाही. आता हे लेखक स्वतःबद्दल सांगतायत, तेव्हा त्यावर पूर्ण विसंबू नका. पण आतला हिशेब सरळ आहे. बायोडेटात ओळ सादरीकरणानंच वाढते. लेखासाठी मात्र रिव्ह्यूअरच्या (जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या) शंका, दुरुस्त्या आणि लेखकांच्या क्रमावरून होणारे रुसवेफुगवे सोसावे लागतात, ते वेगळंच.

मला खटकतं ते पुढचं. जे छापलं जातं तो सगळ्या कामाचा प्रातिनिधिक नमुना नसतो. चांगला निकाल आलेलं काम जास्त छापलं जातं, ‘फरक दिसला नाही’ असं काम मागे पडतं. त्यामुळे नुसते छापील लेख वाचले तर नवी पद्धत आहे त्याहून सरस वाटू शकते. नकारात्मक निकालही जाहीर करा, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. पण त्यासाठी आधी कोणीतरी ते लिहायला बसावं लागतं.

आता शोधायचं कसं ते सांगतो. शीर्षकानं शोधू नका, छापताना ते बदललेलं असू शकतं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाईन सूचीवर पहिल्या आणि शेवटच्या लेखकाचं नाव एकत्र टाका, जोडीला ‘हर्निया’. सापडलेला ‘लेख’ एका पानाचाच असेल आणि पृष्ठक्रमांकात एस हे अक्षर असेल, तर बहुधा तो जर्नलच्या पुरवणीत छापलेला तोच सारांश आहे, वेगळा पुरावा नाही. खरा लेख मिळाला तर रुग्णसंख्या आणि निकाल ॲबस्ट्रॅक्टशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघणं नवलाचं नाही, आणि निघाला तर लेखातले आकडे धरा. ती चाचणी असेल तर चाचण्यांच्या ऑनलाईन नोंदवहीतही (रजिस्ट्रीत) बघा, कधीकधी निकाल तिथे मिळतात.

काहीच मिळालं नाही, तर त्या ॲबस्ट्रॅक्टवरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. लेखकाला सरळ ईमेल करा. मला असं एकदा पत्र आलं होतं. पेनड्राईव्ह शोधून त्यांना दुरुस्त केलेली यादी पाठवली आणि सोबत लिहिलं: ॲबस्ट्रॅक्टमधला संसर्गाचा आकडा वापरू नका, तो कमी दाखवला गेलाय.