सासर जर्मन, एकांकिका मराठी आणि चौथी पुरणपोळी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर नवऱ्यासाठी इकडे स्टुटगार्टजवळच्या एका गावात आले. नवरा जर्मन, इथलाच. यंदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी एक विनोदी एकांकिका बसवतेय, विषय माझाच, म्हणजे नवऱ्यासाठी देश सोडून आलेली मुलगी आणि तिला बसलेले धक्के. प्रसंग ढिगाने आहेत, व्हिसासाठी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, जर्मन परीक्षा पास होऊन आले तर इथे सगळे त्यांच्या श्वेबिश बोलीत बोलतात, रविवारी दुकानं बंद, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, जिना झाडायची पाळी, सॉनामध्ये कपडे न घालता बसायचं, सासूबाईंना नावाने हाक मारायची, सगळं घातलंय. पण तालमीत कुणी हसतच नाहीये! मंडळातली एक मैत्रीण म्हणते जर्मन पात्रं अजून खडूस कर, एक दादा म्हणतात नायिकेला अजून बावळट कर. सासू-सासरे पहिल्या रांगेत असणारेत आणि निम्म्या प्रेक्षकांना मराठी येत नाही. त्यांना वाईट वाटलं तर? काय करू?
— साताऱ्याची लेक, स्टुटगार्टजवळून

उत्तर : अगं, आधी तर तुझं पत्र वाचून इतकं छान वाटलं! परक्या देशात राहून मराठीत नाटक लिहायचं, नोकरी-घर सांभाळून तालमी घ्यायच्या, हे सोपं नाहीये.

आता मुद्द्याचं. ते दोन्ही सल्ले अजिबात ऐकू नकोस. जर्मन खडूस केले तर तुझ्या सासूबाईंना लागेल, आणि नायिका बावळट केली तर तुझ्यासारखीच सगळं सोडून आलेली जी मुलगी प्रेक्षकांत बसली असेल तिला लागेल. आणि त्याने हसूही येत नाही गं, दोन मिनिटं येतं आणि मग लोक मोबाईल काढतात. अशा विषयात खरं हसू कधी येतं सांगू? जेव्हा दोन्ही बाजू मनापासून चांगलं वागत असतात, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे अगदी बरोबर वागत असतात, आणि तरी घोळ होतो.

तुझ्या यादीत मला एक गोष्ट दिसलीच नाही, जेवणाचा आग्रह! तोच तुझा मुख्य प्रसंग कर. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढायचं, पाहुण्याने नको म्हटलं तरी वाढायचं, नाहीतर घरच्या बाईला चैन पडत नाही. आणि तिकडे ताटात टाकायचं नाही, मुलांना लहानपणापासून सांगतात की ताट चाटूनपुसून संपवलं की उद्या ऊन पडेल. आता सासरेबुवा पहिल्यांदा सुनेकडे जेवायला आलेत. सुनेने पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. त्यांनी मन लावून संपवली. ताट रिकामं दिसलं म्हणून सुनेने दुसरी वाढली, सुनेने एवढ्या प्रेमाने केलंय तर टाकायचं कसं म्हणून त्यांनी तीही संपवली. ताट परत रिकामं. तिसरी. सून खूष, की बाबांना किती आवडलं, आणि सासरे घामाघूम, हळूच पट्टा एक भोक सैल करतायत, सासूबाई काळजीने त्यांच्याकडे बघतायत. चौथ्या पोळीला ते बायकोकडे असं बघतात की बस. ह्यात कोण चुकलं? कुणीच नाही. आणि ह्याला एक शब्द मराठी यायची गरज नाही, ताट, पोळी आणि चेहरे एवढ्यावर सगळा हॉल हसेल, म्हणजे भाषेचा तुझा प्रश्न इथेच निम्मा सुटला.

ह्याच्या आधी उलटा प्रसंग टाक. नवी सून सासूबाईंकडे दुपारच्या कॉफी आणि केकला गेलीय. सफरचंदाचा केक, घरी केलेला, घरभर दालचिनीचा वास. सासूबाई विचारतात अजून एक तुकडा? आपली मुलगी लाजून नको नको म्हणते, मनात असतं की अजून दोनदा तरी विचारतील. सासूबाई म्हणतात बरं, आणि झाकण लावून केक आत. सून त्या झाकणाकडे बघत राहते. सासूबाई कंजूस नाहीत, नको म्हणणाऱ्याला परत परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. हे नटीला नीट समजावून सांग, तिने तो केक उचलताना अगदी मायेनेच उचलला पाहिजे, जरा जरी आखडूपणा आला की प्रसंग पडला.

जिना झाडायची पाळी, म्हणजे तुमच्याकडची ती केअरवोखं, तिला मात्र तू तीन वाक्यांत उरकलं असणार, आणि खरा माल तिथे आहे. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुमचा, जिना पुसा, फुटपाथ झाडा. ही रीत किती जुनी बघ, स्टुटगार्टच्या 1492 च्या नगर-कायद्यातच होतं की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावी. म्हणजे त्या शेजारच्या आजी जिन्याच्या कोपऱ्यात बोट फिरवून धूळ बघतात तेव्हा त्यांच्या मागे पाचशे वर्षं उभी आहेत! आणि तुझी नायिका साताऱ्याची, सडा-रांगोळीत वाढलेली. तिने तिच्या आठवड्यात जिना लखलखीत केला आणि शेवटी दारापुढे छोटी रांगोळी काढली. सोमवारी पाळी आजींची. त्या झाडू-बादली घेऊन येतात, रांगोळीपाशी थबकतात. नियम म्हणतो पायरीवर काही नको, पण हे मुद्दाम काढलंय, सुंदर आहे. पुसावं का? शेवटी त्या रांगोळीच्या कडेकडेने, एकेक टिंब सांभाळत, फडक्याच्या टोकाने जिना पुसतात आणि बेल वाजवून सुनेला विचारतात की हे किती दिवस ठेवायचं असतं. मला तर लिहितानाच हसू येतंय आणि जरा भरूनही येतंय.

अजून एक, तिकडे डबल बेडवर नवरा-बायकोची पांघरुणं बऱ्याच घरांत वेगवेगळी असतात ना? मग आईचा व्हिडिओ कॉल घाल. घर दाखवताना कॅमेरा बेडवरून फिरतो, आईला दोन घड्या दिसतात आणि ती एकदम गप्प होते. मग बाबांना बाहेर पाठवते आणि दबक्या आवाजात, "काय झालंय, मला खरं सांग." तेवढ्यात मागून सासूबाई येतात आणि लेक त्यांना सरळ नावाने हाक मारते. आई हादरलीच! जावई रुसून वेगळं पांघरूण घेतोय आणि सासूशी तर हिचं उघड भांडण, असा तिचा पक्का समज. नावाने हाक मारायचा जो वेगळा प्रसंग तू केलायस तो काढून इथेच जोड, आईच्या तोंडावर तो शंभर पटीने चांगला दिसेल.

बाटल्यांचं मशीन, कचऱ्याचे डबे, रविवार, हे सगळं आता कमी कर. ती माहिती झाली, त्यात माणसं नाहीयेत, आणि तिकडे राहणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ आहे. रविवार ठेवायचा तर फोडणीला मोहरी संपलीय एवढंच ठेव. सॉना काढून टाक बाई. गणपतीपुढे आहे, सगळी घरातली माणसं आहेत, आणि ते हसू फार स्वस्त आहे.

शेवट तुझ्याकडे नाहीये असं वाटतं, म्हणून एक सुचवते, आवडला तर घे. वर्ष उलटलंय, पुन्हा सणाचं जेवण. सासरेबुवा आता मराठी रीत शिकलेत, पोळी वाढायला आली की दोन्ही हात ताटावर आडवे धरून नको नको म्हणतात, पोटात जागा ठेवून, की सून आता आग्रह करेल. आणि सून आता जर्मन रीत शिकलीय. ती म्हणते बरं, आणि पोळ्यांचा डबा बंद! दोघं एकमेकांकडे बघतायत, हात ताटावर तसेच. इथे दिवे घालवू नकोस, हसू ओसरेपर्यंत दोघांना तसंच बसू दे, मग सासूबाईंनी उठून डबा उघडावा.

आणि सासूबाईंना वाईट वाटेल ही भीती असेल तर त्यांना अंधारात ठेवू नकोस, रंगीत तालमीच्या आधीच घरी बोलवून नवऱ्याच्या मदतीने सगळी स्क्रिप्ट वाचून दाखव. केकचा प्रसंग त्यांना कसा वाटतो ते विचार, त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं तेही विचार. त्यांनी एखादं वाक्य बदलायला सांगितलं तर बदल, त्यांच्या तोंडचं वाक्य त्यांच्याइतकं चांगलं आपल्याला लिहिता येत नाही. जमलं तर शेवटचा डबा उघडायला त्यांनाच स्टेजवर बोलव, संवाद नाहीच आहे, आणि त्या नाही म्हणाल्या तर, अगं, त्यांना परत विचारू नकोस हं!