सभेत ओळखीचं कोणी भेटलं तर?

“मॅडम, यांनी दारू सोडून चाळीस दिवस झाले. पण डॉक्टर सांगतात त्या गटात काही जायला तयार नाहीत. ओळखीचं कोणी भेटलं तर, म्हणतात.”

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं हे गाऱ्हाणं. शब्द थोडे इकडेतिकडे, पण हेच वाक्य मी समुपदेशक म्हणून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. म्हणून त्यांच्या यजमानांची गोष्ट सांगते, परवानगी घेऊन. त्यांना मनोहर म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मनोहर अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रोज पिणारे. आदल्या दिवाळीत देवासमोर शपथ घेऊन त्यांनी एका रात्रीत बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फिट आली. रोजच्या पिणाऱ्यानं अशी एकदम तोडली की पहिले दोन-तीन दिवस जिवावरचे असू शकतात. हात थरथरतात, भास होतात, फिट येते. त्यामुळे या खेपेला औषधं घेऊन, दवाखान्यात राहून सोडली होती. हे काम गटाचं नव्हे, डॉक्टरांचं. गट लागतो त्यानंतर, घरी आल्यावर, संध्याकाळी सात वाजता.

गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे ‘एए’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली गोष्ट. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या नावानं ओळख. सभेत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, असा दंडक.

हे सगळं मी मनोहरना सांगितलं आणि घराच्या सगळ्यात जवळच्या सभेचा पत्ता हातात ठेवला. तिथंच मी चुकले.

ते गेले, फाटकापर्यंत. आत शेजाऱ्यांची स्कूटर उभी होती. आरशाला लाल रिबन बांधलेली, त्यामुळे शंकेला जागाच नाही. ते तसेच मागे फिरले आणि त्रिमूर्ती चौकातल्या दुकानापाशी थांबले. पुढचे बारा दिवस पुन्हा पिण्यात गेले. सुदैवानं ताईंनी वेळेत डॉक्टर गाठले, पुन्हा औषधं झाली.

ते परत आले तेव्हा मी विचारलं, “अहो, पण शेजारी तिथं कशाला आले असतील?”

“वरच्या मजल्यावर सत्यनारायण असेल कुणाकडे.”

शाळेच्या इमारतीत सत्यनारायण! पण मी वाद घातला नाही. लाजेला तर्क ऐकू येत नाही, हे मला तोवर कळायला हवं होतं. ‘तिथं भेटणारा त्याच कारणानं आलेला असतो’ हे आम्ही समुपदेशक फार हौसेनं सांगतो. खरं आहे ते, पण आत बसल्यावर पटतं. फाटकाबाहेर नाही.

मग त्यांच्यासमोरच फोन लावला आणि नाशिकरोडच्या एका सभेचा वार-वेळ पक्की केली. आधी फोन करावाच. शाळांना सुट्ट्या लागल्या की जागा बदलते. सिडकोतून नाशिकरोड म्हणजे द्वारका चौकातली वाहतुकीची कोंडी पार करून जायचं. ताई वैतागल्या, “एवढं जवळ असताना?” पण पहिला गट जवळचा नको, बसवेल असा हवा. जवळचा नंतर बघता येतो.

पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात बसून फक्त ऐकत राहिले. कुणी नाव लिहून घेतलं नाही. कागदी कपात चहा आला, ऐच्छिक वर्गणीचा डबा फिरला, त्यात त्यांनी दहा रुपये टाकले. देवाचं नाव निघालं तेव्हा जरा चुळबुळले. निघताना एका रिक्षावाल्या दादांनी बसच्या तिकिटामागे नंबर लिहून दिला. म्हणाले, “प्यायच्या आधी कर. नंतर करून उपयोग नाही.” पगाराच्या दिवशी त्रिमूर्ती चौकात उभं राहून मनोहरनी तो फोन केला. पंचवीस मिनिटं बोलले. दादा मुख्यतः रिक्षाच्या पासिंगबद्दल बोलत होते म्हणे.

ताईंनाही मी अल-अ‍ॅनॉनला पाठवलं. तो घरच्यांचा गट. रोज रात्री नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणं त्यांनी तिथं जाऊन हळूहळू थांबवलं. त्याला वेळ लागला, अजूनही कधीकधी राहवत नाही.

कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येतं.

जुलैत पाऊस लागला आणि नाशिकरोड जमेना. मनोहर आपणहून जवळच्या सभेला गेले. लाल रिबनची स्कूटर होतीच. आत शेजारी सतरंजी अंथरत होते, चार वर्षं दारूशिवाय काढलेले.

“त्या दिवशी खिडकीतून पाहिलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. “हाक तोंडावर आली होती. पण माझ्या वेळी कुणी मारली असती, तर मी पुन्हा आलोच नसतो.”

आता आठवड्यातून दोनदा दोघं त्याच स्कूटरवरून जातात. सोसायटीत कुणी विचारलंच तर सांगतात, भिशी आहे.