बास पडला की हेडलाइट मंद होतात. कपॅसिटर लावू की अल्टरनेटर बदलू?

रत्नागिरीतली सहा वर्षांची हॅचबॅक, डिकीत ६०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) मोनो, एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प, आणि दुकानदार म्हणतो एक फॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा डबा) लावा. माझं स्पष्ट मत: तो घेऊ नका. १४ व्होल्टवरून १३ वर येईपर्यंत एक फॅरडमधून जेमतेम १३.५ जूल मिळतात. तुमचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात ८०० वॉट ओढतो, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत खेळ खलास.

आधी मल्टीमीटर. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी सुरू, आणि गाण्याऐवजी ५० हर्ट्झचा सलग टोन लावा. बासचे ठोके साध्या मीटरला पकडता येत नाहीत. दहा सेकंदांच्या वर वाजवू नका, सबवूफरची कॉइल तापते. तीन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये, अ‍ॅम्पच्या दोन टर्मिनलांमध्ये, आणि बॅटरीचं निगेटिव्ह ते गाडीची बॉडी. हे तिसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगचा. अ‍ॅम्प आणि हेडलाइट दोघांचा परतीचा करंट बॅटरी निगेटिव्ह ते बॉडीच्या त्याच अर्थच्या पट्टीतून जातो, म्हणून बास पडला की दिवे मिचमिचतात.

आपल्याकडे किनाऱ्यावर मी सगळ्यात आधी याच पट्टीवर संशय घेतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. बोल्ट वरून बरा दिसतो, पण थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) हिरवा कळंक चढलेला असतो आणि वायर सोलली तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या.

उपाय तीन वायरींचा: अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुन्या वायरी राहू द्या, शेजारून २५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची टाका. कलई केलेली मिळाली तर उत्तमच, नाहीतर वेल्डिंग केबल चालते. स्वस्त किटमधली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर कोकणात नकोच, कापलेल्या टोकापासून तिची पांढरी भुकटी होत जाते. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली आणि रंग. बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर अ‍ॅम्पची अर्थ त्या टर्मिनलला जोडू नका, बॉडीलाच द्या.

अ‍ॅम्पच्या वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत १०० अँपिअरचा फ्यूज हवाच. अल्टरनेटरच्या नव्या वायरलाही त्याच्या क्षमतेहून थोडा वरचा फ्यूज टाका. पत्र्याला घासून वायर सोलली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर काढताना रबरी ग्रोमेट विसरू नका.

एवढं करूनही बॅटरीवरच १३ व्होल्टच्या खाली जात असेल, तर अल्टरनेटर कमी पडतोय. अ‍ॅम्पला पूर्ण जोरात साधारण ५८ अँपिअर लागतात आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद) छोट्या गाडीचा अल्टरनेटर तेवढं देऊ शकत नाही. तेव्हा मोठा अल्टरनेटर बघा, किंवा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) कमी करा. मोठी बॅटरी फक्त उभ्या गाडीत गाणी ऐकायला उपयोगी.

तिन्ही मापं इथे लिहा, मग अल्टरनेटरचं बोलू.