पीक पुढे, स्थिती मागे: उन्हाळी हवामानाविषयी वाचकांचे प्रश्न

जागतिक धान्यबाजाराविषयी गेल्या अंकात आलेल्या लेखात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या साप्ताहिक पीक-अहवालाचा उल्लेख ओघाने झाला होता. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात साधारणपणे दर सोमवारी निघणाऱ्या या अहवालात तेथील प्रमुख राज्यांतील पिकांची प्रगती आणि स्थिती टक्केवारीत दिलेली असते. त्यावर आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत ‘उन्हाळा’ हा शब्द उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण पट्ट्याच्या जून ते ऑगस्ट या महिन्यांसाठी वापरला आहे. तेथे उन्हाळा आणि मुख्य पिकाचा हंगाम एकच असतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न: एका आठवड्याच्या अहवालात मका सरासरीपेक्षा पुढे असल्याचे म्हटले होते आणि त्याच अहवालात त्याची स्थिती घसरल्याचेही. पीक पुढे असेल तर ते चांगलेच असायला हवे ना?

तसे नाही, आणि या अहवालाचे वाचन बहुतेकांचे इथेच चुकते. प्रगती म्हणजे पिकाचे वय: किती टक्के क्षेत्रावर पेरणी झाली, किती उगवले, किती फुलोऱ्यात आले, किती कापणीला आले. स्थिती म्हणजे त्या वयात त्याची प्रकृती कशी आहे, याचा पाच श्रेणींतील अंदाज: अतिखराब, खराब, मध्यम, चांगली, उत्कृष्ट. वय वाढले म्हणून प्रकृती सुधारते असे नाही. उलट उष्णता वय लवकर वाढवते आणि तेच पुष्कळदा प्रकृतीला बाधते.

याचा हिशेब करता येतो. मक्याची वाढ दिवसांवर मोजण्यापेक्षा साठलेल्या उष्णतेवर मोजतात. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिच्यातून 10 अंश सेल्सिअस वजा करायचे. कमाल तापमान 30 अंशांच्या वर गेले तरी ते 30 धरायचे, कारण त्यापुढच्या उष्णतेने वाढीचा वेग आणखी वाढत नाही. दुपारी 30 आणि पहाटे 16 अंश असलेल्या दिवशी पिकाच्या खात्यात 13 अंश जमा होतात, तर दुपारी 38 आणि पहाटे 24 असलेल्या दिवशी 17. दाणे भरण्यासाठी समजा 780 अंश लागत असतील, तर पहिल्या हवामानात पिकाला 60 दिवस मिळतात आणि दुसऱ्या हवामानात जेमतेम 46. पानांनी सूर्यप्रकाशातून अन्न तयार करायचे आणि दाण्यात भरायचे, त्यातले दोन आठवडे गेले. अहवालात मात्र हे पीक ‘पुढे’ दिसते.

पीक पुढे असण्याचे कारण लवकर झालेली पेरणी असेल, तर तो आकडा खरोखरच शुभ मानावा. कारण उष्णता असेल, तर ती घाई आहे. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी पेरणीच्या वेळचे आकडे मागे जाऊन पाहावे लागतात, आणि तेवढे कष्ट बातमी देणारे सहसा घेत नाहीत.

प्रश्न: उन्हाळ्यात एकूण पाऊस सरासरीइतका झाला, तरी एखाद्या प्रदेशातला मका जातो आणि दुसऱ्या प्रदेशातला तरतो, असे का होते?

कारण पिकाला हंगामाची सरासरी ठाऊक नसते. त्याच्या आयुष्यात दहा-बारा दिवस असे येतात की त्यांत पडलेल्या ताणाची भरपाई पुढे होत नाही. तो ताण त्याआधी तीन आठवडे आला असता, तर तेच पीक थोडे खुजे राहून निभावून गेले असते.

मक्यात हे दिवस तुरा आणि कणसाचे केस एकाच वेळी बाहेर येण्याचे असतात. कणसाचा प्रत्येक केस एका संभाव्य दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडला आणि आत पोहोचला तरच तो दाणा धरतो. तुऱ्यातून परागकण साधारण आठवडाभर पडतात, तेही मुख्यतः सकाळी. केसाला वाढायला पाणी लागते आणि जमीन सुकली की त्याची वाढ मंदावते. तुरा मात्र आपल्या वेळेवर येतो. तुऱ्याचे काम आटोपत आले तरी कणसाच्या शेंड्याकडचे केस अजून आतच असतात, कारण बुडाकडचे केस आधी आणि शेंड्याचे शेवटी बाहेर पडतात. म्हणून कोरड्या जुलैनंतर सोललेल्या कणसाचा शेंडा बोडका दिसतो. त्यात दुपारचे तापमान 38 अंशांच्या पुढे गेले आणि हवा कोरडी असली, तर परागकणही लवकर निकामी होतात, आणि शेंडाच काय, मधल्या ओळीही तुटक भरतात.

या अवस्थेत मक्याचे शेत दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी ओढते. हवेची तहानही तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आर्द्रता 40 टक्केच ठेवून तापमान 30 वरून 40 अंशांवर गेले, तर पानातून पाणी खेचण्याची हवेची ओढ पावणेदोन पटींच्या घरात जाते. जून आणि ऑगस्टमध्ये पडलेला पाऊस जुलैच्या त्या दहा दिवसांची उणीव भरून काढत नाही, मग हंगामाची बेरीज कितीही सरासरीइतकी येवो.

अमेरिकेतला 2012 चा हंगाम याचे ठळक उदाहरण आहे. वसंतात ऊब लवकर आली, पेरणी लवकर झाली, आणि मे महिन्यातील पहिल्या पाहणीत 77 टक्के मका ‘चांगली’ किंवा ‘उत्कृष्ट’ या श्रेणींत होता. नंतर जून कोरडा गेला, जुलै तापला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हा आकडा पाव हिश्श्याच्याही खाली आला. एकरी सुमारे 42 क्विंटल उताऱ्याचा अंदाज होता. हाती आले सुमारे 31.

प्रत्येक पिकाची नाजूक वेळ वेगळी असते. 2003 च्या युरोपातील उष्णतेच्या लाटेत इटलीच्या पो खोऱ्यातील मक्याचा उतारा 36 टक्क्यांनी घटला. कॅनडाच्या पश्चिम भागात जून 2021 च्या अखेरीस आलेल्या लाटेने आणि सोबतच्या अवर्षणाने कनोला हे तेलबियांचे पीक फुलोऱ्याच्या सुमारास गाठले, आणि फुले शेंग न धरताच गळाली. वायव्य भारतात मार्च 2022 च्या उष्णतेने गव्हाला दाणा चिकात असताना गाठले. तेथे ओंब्या दिसायला पुऱ्या होत्या, पण दाणा सुरकुतलेला निघाला.

प्रश्न: दुपारचे तापमान नेहमीसारखेच होते आणि पाऊसही पुरेसा होता. तरी उतारा कमी आला. काय राहून गेले?

रात्र. वनस्पती दिवसा अन्न तयार करते, पण श्वसन चोवीस तास चालते, आणि त्यात तयार अन्नाचाच काही भाग खर्च होतो. रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च अधिक. शिवाय मघाच्या हिशेबात पाहिल्याप्रमाणे किमान तापमान वाढले की दाणे भरण्याचे दिवसही घटतात. कमाल तापमानाला 30 अंशांची मर्यादा आहे, किमान तापमान मात्र बहुधा पुरेच्या पुरे मोजले जाते.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील 1992 ते 2003 या वर्षांच्या नोंदींत असे आढळले की कोरड्या हंगामातील सरासरी किमान तापमान एका अंशाने वाढले की भाताचा उतारा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो. कमाल तापमानाचा असा स्पष्ट परिणाम तेथे दिसला नाही. बातम्या दुपारच्या उच्चांकांच्याच होतात. पहाटेचा आकडा कोणी विचारत नाही.

प्रश्न: शेजारशेजारच्या दोन भागांत सारखाच उन्हाळा असताना स्थितीचे आकडे इतके वेगळे कसे येतात?

पहिले कारण जमीन. भारी पोयट्याच्या जमिनीत एक मीटर खोलीपर्यंत पिकाला घेता येईल असे पाणी दीडशे ते दोनशे मिलिमीटर साठते. रेताड जमिनीत ते त्याच्या निम्म्यावरही येत नाही. रोजचा खर्च सात मिलिमीटर धरला, तर पूर्ण भिजलेली भारी जमीन पावसाविना तीन आठवड्यांहून अधिक काळ पीक जगवते, आणि रेताड जमीन साधारण दहा दिवस. पाऊस दोन आठवडे लांबला, तर एका भागात काहीच बिघडलेले दिसत नाही आणि दुसऱ्या भागात खालची पाने करपलेली असतात.

दुसरे कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. ते म्हणजे आधीच्या महिन्यातला जास्तीचा पाऊस. जून ओलाचिंब गेला की मुळांना पाण्यासाठी खोल जाण्याचे कारण उरत नाही, आणि चिबड जमिनीत हवेअभावी त्यांना खोल जाताही येत नाही. नत्रही निचऱ्याबरोबर खाली वाहून जाते. पीक वरून हिरवेगार दिसते, निरीक्षक त्याला चांगली श्रेणी देतो, आणि मग जुलैत आठ दिवस कडक ऊन पडले की तेच शेत आधी माना टाकते. शेजारच्या भागात जून किंचित कोरडा गेलेला असतो. तिथली मुळे खोल गेलेली असतात आणि तेच ऊन त्यांना सोसते. वाढीच्या सुरुवातीचा थोडा ताण पिकाच्या पथ्यावर पडतो, हे मत मी बरीच वर्षे बाळगून आहे, पण ते रेताड जमिनीला लागू नाही, एवढी पुस्ती जोडायला हवी.

शेतात ताण खरा आहे की नाही, हे पाहायचे असेल तर दुपारी जाऊ नये. दुपारी मक्याची पाने सुरळीसारखी वळलेली दिसणे नेहमीचेच आहे. पीक त्या वेळी पाणी वाचवत असते. सूर्योदयाच्या सुमारास जावे. रात्रभराच्या विश्रांतीनंतरही पाने उलगडलेली नसतील, तर मुळांपाशी पाणी उरलेले नाही.

प्रश्न: स्थितीच्या आकड्यांवरून उताऱ्याचे भाकीत करावे का?

ऑगस्टमध्ये सावधपणे करावे, जूनमध्ये करू नये. हे आकडे वजनकाट्यावरचे नसतात. शेतीशी रोजचा संबंध असलेले स्थानिक निरीक्षक आपापल्या भागातील पीक पाहून अंदाज देतात, आणि त्यांची क्षेत्रानुसार बेरीज होते. नजर अनुभवी असते, पण ती पानाचा रंग आणि झाडाची उंची पाहते. कणसात दाणे किती धरले, हे तिला बाहेरून दिसत नाही. शिवाय ‘चांगली’ आणि ‘उत्कृष्ट’ या दोन श्रेणींची बेरीज करून एकच आकडा सांगण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला दिशाभूल करणारी वाटते. बेरीज 60 असताना उरलेले 40 टक्के ‘मध्यम’ असणे वेगळे आणि त्यांतले 20 टक्के ‘अतिखराब’ असणे वेगळे. देशभराच्या आकड्यात तर एका राज्याचे नुकसान दुसऱ्या राज्याच्या सुबत्तेखाली झाकले जाते. 10 ऑगस्ट 2020 रोजी आयोवा राज्यात वादळी वाऱ्यांनी मक्याची विस्तीर्ण शेते एका दिवसात आडवी केली. ते नुकसान त्या राज्याच्या ओळीत पाहावे लागते. देशाच्या ओळीत ते पातळ होऊन जाते.

प्रश्न: दीर्घ उघडिपीनंतर पाऊस आला, तर पीक सावरते का? आणि मक्यात परागीकरण झाले की नाही, हे शेतात लगेच कळते का?

सावरणे पिकावर अवलंबून असते. पुन्हा 2012 चेच उदाहरण घेऊ. ऑगस्टमध्ये कृषी खात्याने मक्याचा आणि सोयाबीनचा, दोन्हींचा अंदाज खाली आणला होता. त्यानंतर महिनाअखेरीस आयझॅक चक्रीवादळाच्या अवशेषांनी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम प्रदेशातील काही भागांत पाऊस आणला. मक्याचा अंतिम उतारा ऑगस्टच्या अंदाजाजवळच राहिला, कारण दाण्यांची संख्या जुलैतच ठरून गेली होती. सोयाबीन मात्र एकरी सुमारे 9.8 क्विंटलच्या अंदाजावरून 10.9 क्विंटलपर्यंत चढले. सोयाबीनला कित्येक आठवडे फुले येत राहतात. पहिली फुले गळाली तरी पुढची शेंग धरू शकतात आणि उशिराच्या पावसाने शेंगांतले दाणे टपोरे होतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. केस बाहेर येऊन आठवडा झाला की शेताच्या वेगवेगळ्या भागांतून काही कणसे घ्यावीत, वरची पाने बुडाशी कापून, केस न ओढता, हलक्या हाताने उलगडावीत आणि कणीस उलटे धरून हलवावे. ज्या केसातून गर्भधारणा झाली, तो दोन-तीन दिवसांत बुडाशी सुटतो आणि गळून पडतो. जे केस कणसाला चिकटून राहतील, त्यांच्या मुळाशी दाणा नाही. ते किती आणि कोठे आहेत, हे पाहिले की कणीस शेंड्याला बोडके राहणार की मधूनही तुटक भरणार, हे तिथल्या तिथे कळते.