आर्डरमधे एलव्हीटू प्लगइन कधी नवे दिसतात तर कधी जुने, असं का होतंय?

भाऊ, तुम्ही लिनक्स मिंटवर दुसऱ्या ड्राइव्हच्या फोल्डरात एलव्हीटू प्लगइन (आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजाचे इफेक्ट वगैरे) ठेवले, डॉट बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत एलव्हीटू_पाथ टाकला, आता टर्मिनलमधून आर्डर उघडलं की नवे दिसायलेत पण जुने गायब, अन् मेनूतून उघडलं की जुने आहेत पण नवे नाहीत. प्लगइन चांगले आहेत, पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

माझंही अंबाजोगाईत हेच झालतं. गावच्या सप्त्यातलं भजन रेकॉर्ड केलतं, रात्री नवा रिव्हर्ब टाकून पाथ सेट केला आणि सकाळी प्रोजेक्ट उघडला तर पखवाजावरचा कंप्रेसर नुसता नावाला, चालंनाच. लई घाबरलो होतो, महाराजांना दुपारी फाइल द्यायची होती.

कारण असंय, एलव्हीटू_पाथ हे व्हेरिएबल, म्हणजे प्लगइन कुठं शोधायचे ते सांगणारी सेटिंग, रिकामं असंल तर आर्डर स्वतःहून नेहमीच्या जागा बघतंय, म्हणजे तुमच्या होममधलं डॉट एलव्हीटू, मग यूएसआर लोकल लिबमधलं एलव्हीटू आणि यूएसआर लिबमधलं. पण तुम्ही त्यात काही टाकलं की त्या जागा सोडून फक्त तुम्ही सांगितलेलं बघतंय, जुन्यात भर पडत नाही. म्हणून नव्या फोल्डरसोबत त्या तिन्ही जागा पण लिहा, मधे कोलन द्या, सेमीकोलन विंडोजवाल्यांचा, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस ठेवू नका. आणखी एक, प्लगइन म्हणजे शेवटी डॉट एलव्हीटू असलेलं एक फोल्डरच असतंय, पाथ त्याचा द्यायचा नाही, ते ज्यात ठेवलंय त्या वरच्या फोल्डरचा द्यायचा. इथंच बरेच जण फसतात.

मेनूचं म्हणाल तर डॉट बॅशआरसी टर्मिनल उघडल्यावर वाचली जाते, मेनूतल्या आयकॉनला तिचा पत्ताच नसतो. तीच एक्सपोर्टनं सुरू होणारी पाथची ओळ होममधल्या डॉट प्रोफाइल फाइलीत टाका, ती लॉगिन करताना वाचली जाते, बॅशआरसीतली काढा, आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं आर्डर बंद करून चालू केलं तर काही होत नाही. फ्लॅटपॅकचं (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेल्या पॅकेजचं) आर्डर असंल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याला तुमच्या यूएसआरमधलं दिसतच नाही.

खरं सांगू का, दुसऱ्या ड्राइव्हवरच ठेवायचं काही कारण नसंल तर सगळे फोल्डर होममधल्या डॉट एलव्हीटूत हलवा आणि व्हेरिएबल काढूनच टाका, मी आता तसंच ठेवलंय.

आर्डर उघडायच्या आधी लिल्व्ह-यूटिल्स पॅकेज टाकून टर्मिनलमधे एलव्हीटूएलएस ही कमांड चालवा, सापडलेल्या सगळ्या प्लगइनची यादी येते. नवे जुने दोन्ही त्यात दिसले की मग प्रोजेक्ट उघडा, आणि दिसले नाहीत तर पाथची ती ओळ जशीच्या तशी इथं टाका, बघतो.