वॉरंटीचं राहू द्या, ११ ऑगस्ट सांभाळा

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न, थोडक्यात असा: मार्च २०२४ मध्ये रीफ टँकसाठी (समुद्री मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायचा टँक) २४ व्होल्टचा डीसी रिटर्न पंप (खालचं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) ९,४०० रुपयांना घेतला. दुकानाच्याच माणसाने १,५०० रुपये घेऊन तो बसवून दिला. ११ ऑगस्ट २०२४ च्या रात्री वीज गेली, टँकचं पाणी उलटं खाली आलं, संप (टँकखालची पाण्याची टाकी) ओसंडला आणि खालच्या शेजाऱ्यांचं पीओपीचं छत भिजलं. वीज आली तेव्हा पंप फिरलाच नाही. घरचे गावी होते. तीन दिवसांनी येऊन बघतात तर मासे आणि कोरल गेलेले. दुकानदाराने ‘व्हिडिओ पाठवा, कंपनीला विचारतो’ करत आठ महिने काढले. एप्रिल २०२५ मध्ये कळवलं की इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) वॉरंटीत येत नाही आणि आता वॉरंटीही संपली. नुकसान २ लाख १० हजार. ‘नकार एप्रिल २०२५ चा, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत तक्रार करता येईल ना? आणि नवा पंप परवडणारा, पण भरवशाचा, कसा निवडू?’

नाही, एप्रिल २०२७ पर्यंत थांबता येणार नाही. इन्व्हर्टर, आरओ, फिश टँक, वस्तू कुठलीही असो, असं पत्र दर महिन्याला येतं आणि चूक तीच असते: शेवटच्या व्हॉट्सॲप मेसेजपासून मुदत मोजायची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. तुमचं वादाचं कारण घडलं ११ ऑगस्ट २०२४ ला. दुकानदाराने गोड बोलून तुम्हाला झुलवत ठेवलं म्हणून घड्याळ थांबत नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे वरच्या कोर्टांनी इतक्यांदा सांगून झालंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शेवटचा दिवस ११ ऑगस्ट २०२६, मंगळवार. ‘आम्ही १४ तारखेला परत आलो, तेव्हा कळलं’ हे तीन दिवस अडचणीच्या वेळी वापरायचे आहेत, आज हिशोबात धरायचे नाहीत.

नुसत्या पंपाच्या किमतीपुरतं, वॉरंटी नाकारल्याच्या तारखेपासून नवं कारण मिळतं असा युक्तिवाद करता येईल. पण त्यावर ९,४०० रुपयांचं भांडण उभं राहील. मासे, छत, बाकीचं सगळं ऑगस्ट २०२४ शी बांधलेलं आहे. विलंब माफीचा अर्ज कलम ६९ मध्येच आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘दुकानदार करतो म्हणाला होता’ हे सबळ कारण धरलं जाईलच, असं मी लिहून देणार नाही.

१९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेला तुमचा डॉकेट नंबर म्हणजे तक्रार दाखल झाली असं नव्हे. त्यानेही मुदत थांबत नाही. आणि आधी नोटीस, मग पंधरा दिवस वाट, हेही या कायद्यात बंधनकारक नाही. नोटीस पाठवायची तर आज पाठवा आणि तिच्या उत्तरासाठी एक दिवसही थांबू नका. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर जुलै संपायच्या आत तक्रार चढवा. छाननीत त्रुटी निघतात, पान अस्पष्ट म्हणून परत येतं, त्याला हाताशी दिवस हवेत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ठाणे जिल्हा आयोग. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

आता तुमच्या नुकसानीच्या यादीकडे. तिथे मला जास्त काळजी वाटते.

पाणी सांडलं त्याचा दोष पंपाचा नाही. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून हिशोब करा. टँक १२० बाय ४५ सेंमी, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर खाली येतं. रिटर्न पाइपाचं तोंड पाण्याच्या आठ सेंमी खाली होतं. वीज गेली की ते तोंड उघडं पडेपर्यंत सायफन चालू राहतो: ४३ लिटर. संप ६० बाय ३५, वर मोकळी जागा १५ सेंमी, मावणार साडेएकतीस लिटर. उरलेलं बारा लिटर मिठाचं पाणी शेजाऱ्यांच्या छतात गेलं. जगातला सर्वांत महाग पंप असता तरी हेच झालं असतं. ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) होता’ हे सांगू नका. रीफच्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याच्या नळ्या बांधणारे किडे आणि कोरलाइन शेवाळ बसतं आणि चार-सहा महिन्यांत ती पुरती बंद होत नाही.

म्हणून छताचे ३८,००० ‘सदोष पंप’ या सदरात घातलेत तर समोरचा वकील ही बेरीज-वजाबाकी मांडेल आणि चांगला भागही सोबत बुडेल. ते ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मांडा. बसवणारा माणूस दुकानाचा होता, त्याने तोंड किती खोल ठेवायचं हे पाहिलं नाही, पाइपाला सायफन तोडणारं (हवा आत घेणारं) भोक पाडलं नाही. कलम ८६ मध्ये वस्तूची जोडणी करताना वाजवी काळजी न घेणारा किंवा उत्पादकाच्या सूचना पुढे न देणारा विक्रेता जबाबदार धरला आहे. १,५०० रुपयांचा यूपीआय व्यवहार हा तुमचा सर्वांत मोलाचा कागद आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. शेजाऱ्यांची पावती नसेल तर आजच घ्या.

पंप पुन्हा सुरू झाला नाही, हा मात्र खरा दोषाचा भाग. ‘इम्पेलर वॉरंटीत नाही’ याने घाबरायचं कारण नाही. कायद्यातली ‘दोष’ची व्याख्या वॉरंटी कार्डाच्या पलीकडे जाते. विक्रेत्याने जो दावा केला, करारात जे गृहीत होतं, त्यात कमी पडलेली वस्तू सदोषच. पाच महिन्यांत सिरॅमिक शाफ्ट (इम्पेलर ज्यावर फिरतो ती दांडी) तुटणं ही झीज नव्हे. पण हे सिद्ध कशावर करणार? पंप तुम्ही गल्लीतल्या मोटार रिपेअरवाल्याला ‘बघ जरा’ म्हणून दिलात आणि त्याने तो उघडून ठेवला! चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, कलम ३८ मध्ये ती पद्धत दिली आहे. उघडलेल्या पंपाचा अहवाल अर्धाच बोलेल. कलम ८७ चा ‘वस्तूत फेरफार केला’ हा बचाव नुकसान होण्याच्या वेळेपुरता आहे, तुम्ही नंतर उघडलात, एवढाच दिलासा. आज जाऊन रोटर, शाफ्टचे तुकडे, कंट्रोलर, ॲडाप्टर जे असेल ते परत आणा आणि एका पिशवीत ठेवा. धुऊ नका. मिठाचा थर, चुन्याचा थर, सगळं राहू द्या.

समोरून ‘दर तीन महिन्यांनी साफ करायचा होता, यांनी केला नाही’ हे येणारच, कारण तुम्ही केला नव्हता. खोक्यात माहितीपत्रक होतं का? खोकं फेकल्यामुळे आता तुम्हालाच आठवत नाही. पत्रक नसेलच तर सूचना न देण्याचा मुद्दा तुमच्या बाजूने येतो. पण आठवत नसताना प्रतिज्ञापत्रात ‘नव्हतं’ असं ठोकून लिहू नका.

उत्पादक परदेशातला, खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, म्हणून कोणाला पक्षकार करायचं, असं विचारलंत. दुकानदाराला. उत्पादक माहीत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा आदेश वसूल होणार नसेल, तर कलम ८६ विक्रेत्यालाच धरतं. शेन्झेनच्या पत्त्यावर नोटीस धाडून दोन वर्षं घालवू नका. एक सावधगिरी: ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूने केलेल्या हानीची भरपाई) या शब्दावर सगळा भार टाकू नका. त्यातली ‘हानी’ची व्याख्या वॉरंटीच्या अटी मोडल्याने झालेलं मालमत्तेचं नुकसान वगळते, आणि आयोग ती किती ताणेल हे सांगता येत नाही. सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, तिन्ही शीर्षकं घाला.

यादीतली सर्वांत मोठी रक्कम, १ लाख १५ हजार, एक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या कोरलची आहे. ती शपथेवर लिहिण्याआधी थांबा. दगडी, म्हणजे प्रवाळखडक बांधणारी सगळी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे आणि वस्तू ताब्यात असल्यावर ती कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. बाहेरच्या देशातून परवान्याने आलेल्या, संवर्धित फ्रॅगची (कोरलच्या वाढवायच्या तुकड्यांची) गोष्ट वेगळी ठरू शकते, पण त्याला आयातीचे कागद लागतात. ‘ग्रुपवरच्या एकाकडून घेतले’ हा कागद नव्हे. पावती आणि परवान्याचा माग नसेल तर ही रक्कम सोडा आणि टँकमध्ये आज जे जिवंत आहे त्याबद्दल वन्यजीव कायदा चालवणाऱ्या वकिलाला वेगळं भेटा. आणि फ्रॅग विकत असाल तर तेही त्यांना सांगा. व्यापारी हेतूचा मुद्दा निघाला तर ‘ग्राहक’ ही तुमची ओळखच धोक्यात येते.

उरतं काय? पंप, बसवणूक, पावत्या असलेले मासे, छत, मनस्ताप, खर्च. लाखाच्या आतबाहेर. ते मिळण्याजोगं आहे. व्हॉट्सॲप संभाषण पूर्ण निर्यात करून जोडा, तुकड्यातुकड्यांचे स्क्रीनशॉट नकोत. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र. समोरच्याला उत्तरासाठी ३० आणि वाढीव १५ दिवस. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. कायद्याने काय, म्हणायला काय जातं! सदस्याची जागा रिकामी, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) मोठा, पुढची तारीख दिवाळीनंतर, ही तयारी ठेवा.

आता नवा पंप. इथेही कायद्याचं एक कलम पाकिटाला उपयोगी आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६: तुम्ही गरज सांगून विक्रेत्याच्या माहितीवर विसंबलात, तर माल त्या कामाला योग्य असेल ही अट विक्रीत आपोआप येते. मात्र ब्रँडचं आणि मॉडेलचं नाव घेऊन ‘तोच द्या’ म्हणालात की त्या खास कामाबद्दलची ही अट गळते. मंडळी सगळी माहिती स्वतः वाचतात, काउंटरवर मॉडेल नंबर सांगतात आणि मग दुकानदाराला पकडायला जातात. मागच्या वेळी तुम्ही नकळत बरोबर केलंत, टँकचं माप पाठवून ‘कुठला लागेल’ विचारलंत. तो मेसेज जपा.

गरज अशी: २७० लिटरचा टँक, तासाला पाच फेऱ्या, म्हणजे वर पोचलेलं पाणी ताशी १,४०० लिटरच्या आसपास. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमचं पाणी संपातून दीड मीटर चढतं, शिवाय एल्बो (पाइपाची वळणं) आणि पाइपातला मळ. ३ मीटर कमाल उंचीचा पंप दीड मीटरवर साधारण निम्मं पाणी देतो, म्हणून कमाल ३,००० ते ३,५०० लिटरचा पाहा. त्याहून मोठा घेऊन व्हॉल्व्हने दाबत बसू नका.

डीसी पंप वीज कमी खातो. ३० वॅटचा महिन्याला साडेएकवीस युनिट, ६० वॅटचा एसी त्रेचाळीस. पण डीसीत पंप, कंट्रोलर आणि ॲडाप्टर अशा बिघडायच्या तीन जागा, आणि कंट्रोलर संपाच्या कपाटात खारट वाफेत टांगलेला. पैसे मोजके असतील तर साधा एसी पंप आणि पहिल्याच दिवशी घेतलेला सुटा इम्पेलर-शाफ्ट, हे मला जास्त पटतं. डीसीच हवा असेल तर कंट्रोलर वेगळा विकत मिळतो का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. ‘मागवून देऊ’ हे उत्तर म्हणजे मिळत नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात, परत करायची मुदत असतानाच, पंप पाण्यात ठेवून दहादा वीज बंद-चालू करा आणि मोबाइलवर चित्रित करा. एकदा जरी नुसता गुरगुरला आणि फिरला नाही, तरी परत. रिटर्नचं तोंड दोन सेंमीच्या वर बुडवू नका, त्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली लगेच ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, महिन्यातून एकदा ते टोकरा. आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, आणि वायर प्लगच्या खाली झोल देऊन, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही. तीन महिन्यांनी अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी, तासभर. साफ केलेल्या दिवशी तारखेसह फोटो.

दुकानदाराला पैसे देण्याआधी हा मेसेज पाठवा: ‘टँक २७० लिटर समुद्री पाणी, संप खाली, चढ दीड मीटर, २४ तास चालणार, वीज वारंवार जाते. यासाठी योग्य रिटर्न पंप सुचवा. सुटे भाग, वॉरंटीची मुदत आणि त्यात इम्पेलर येतो का, ते इथेच लिहून कळवा.’ त्यावर फोन आला तर उचलू नका.